रिकामी कचरापेटी

निघताना सासूबाईंनी पिशवीत दुपट्यांच्या घड्या कोंबल्या आणि म्हणाल्या, "आज सोडून ये बाई ते एकदाचं. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या किती दिवस भाजायच्या? लष्कराला पत्ताही नसतो, कोण भाजतंय ते."

"सोडते," ती म्हणाली.

"मागच्या खेपेलाही म्हणालीस. आणि येताना आणखी काम पदराला बांधून आणलंस."

सासूबाईंचं काही चुकत नव्हतं. 'ते' म्हणजे नेमकं काय, हे तिने त्यांना अनेकदा समजावलं होतं. साइट बनवायची एक प्रणाली आहे. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. जगभरची माणसं मिळून ती बांधतात आणि फुकट वाटतात. कुणीही यावं, आपली साइट उभी करावी, लिहावं, 'प्रसिद्ध करा' दाबून मोकळं व्हावं. पण तिच्यातली बटणं, सूचना, इशारे सगळे इंग्रजीत येतात. ते आपल्या भाषेत हवे असतील तर कुणीतरी बसून एकेक ओळ करायची, दुसऱ्या कुणीतरी ती तपासून 'मंजूर' म्हणायचं. मंजूर झालेली ओळ मग ती भाषा निवडलेल्या प्रत्येकाच्या पडद्यावर जाऊन बसते. त्यांच्या भाषेत मंजूर म्हणायचा हक्क दोघींनाच होता, वाचनालयातल्या ग्रंथपाल ताईंना आणि तिला. नियम एकच होता, आपली ओळ आपण मंजूर करायची नाही.

"म्हणजे तू दुसऱ्यांच्या चुका काढतेस," सासूबाईंनी एकदा सगळं ऐकून घेऊन निष्कर्ष काढला होता.

"तसंच काहीसं."

"मग त्याला वाचनालयात कशाला जायला हवं? घर काय वाईट आहे?"

एरवी ती हसली असती. हसण्यासारखंच होतं ते. पण बाळ झाल्यापासून हसण्यासारख्या गोष्टी तिला लांबून दिसायच्या, समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारख्या. कपडे आहेत, रंगीत आहेत, वारा आहे. एवढंच.

बाळाकडे मात्र ती डोळ्यांत तेल घालून बघायची. ते झोपलं की नाकापाशी बोट धरून श्वास तपासायची, आणि बोटावर श्वास लागला तरी बोट खोटं सांगत असेल म्हणून पुन्हा धरायची. कुठला आवाज भुकेचा, कुठला पोटाचा, कुठला उगाच, हे घरात तिच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. नवरा बाळाला 'ढमी' म्हणायचा, सासूबाई 'ठकूबाई' म्हणायच्या. ती 'बाळ' म्हणायची. दाताच्या डॉक्टरने तोंड बधिर केल्यावर ओठ जसा हाताला लागतो, पण ओठाला हात लागत नाही, तसं तिचं चाललं होतं. बाळंत झाली तेव्हा सगळ्या बायका म्हणाल्या होत्या, "सुटलीस बाई, मोकळी झालीस." मोकळं झाल्यावर पुढे काहीतरी येत असेल म्हणून तिने वाट पाहिली. ते काही आलं नाही.

ओळींचंही तेच झालं होतं. पूर्वी एखादा शब्द तिला आठवडाभर टोचायचा. भाजी घेताना, केस विंचरताना डोक्यात घोळायचा, आणि बरोबर शब्द सापडला की हरवलेली चप्पल पलंगाखाली मिळावी तसा आनंद व्हायचा. आता बाळ अंगावर पीत असताना ती दुसऱ्या हातात फोन धरायची आणि अंगठा फिरवायची. मंजूर. मंजूर. मंजूर. एकही ओळ खुपत नव्हती. सगळ्याच गुळगुळीत दिसत होत्या. ज्याला काहीच खुपत नाही त्याने तपासनीस होऊ नये, एवढं तिला कळत होतं. म्हणून सोडायचं. सासूबाईंसाठी नव्हे.

नवऱ्याने वाचनालयाच्या दारात गाडी थांबवली. तो दवाखान्यात क्ष-किरण काढायचा. दिवसभर लोकांच्या आतलं बघून घरी आला की त्याला आणखी कुणाच्या आत डोकवायची ताकद उरत नसे.

"ताईंना काय सांगणार?" त्याने विचारलं.

"वेळ नाही म्हणून."

"ते खरंच आहे ना?"

"हो."

"मग झालं तर. मी काम उरकून येतो घ्यायला." त्याने बाळाच्या टोपीला चिमटा काढला. "चल ढमे, आईला लवकर सोडव."

सभेची खोली वरच्या मजल्यावर होती. एक लांब टेबल, वायरींचा गुंता, कोपऱ्यात पाणी उकळायची किटली, आणि जिथे-तिथे जुन्या कागदाचा वास. महिन्यातून एका रविवारी इथे कधी पाच माणसं यायची, कधी दोन. आज ताई होत्या आणि स्वल्पविराम होता. स्वल्पविराम छापखान्यात मुद्रितं तपासायचा. एका स्वल्पविरामावरून त्याने एकदा अख्खी दुपार सभा अडवून धरली होती, तेव्हापासून त्याला दुसरं नाव उरलं नव्हतं.

"आलं आमचं उच्च न्यायालय," तो म्हणाला. "आणि आज कनिष्ठ न्यायालयही सोबत आणलंय वाटतं."

"झोपलंय," ती म्हणाली.

"न्यायालयं झोपतातच."

टेबलाच्या टोकाला एक अनोळखी बाई बसली होती. खाकी जाकीट अंगातच, टोपी समोर, चहाला हात लावलेला नाही. पन्नाशीची असावी. बसून बसून रुंद झालेली पाठ आणि मोठे, स्वस्थ हात.

"या बस चालवतात," ताई म्हणाल्या. "मागच्या वर्षी माझ्या वर्गात साइट करायला शिकल्या. त्यांचा एक घोटाळा झालाय. म्हणजे, आपल्याकडून झालाय."

"सांगू का मीच?" बसवाली बाई म्हणाली. "माझी साइट आहे. होती. नाव 'चालकाशी बोलू नये'. बसमध्ये लिहिलेलं असतं ना, तेच. लोक बोलायचे ते बोलतातच, मी ते लिहायचे. शेवटच्या थांब्यावर गाडी वळवायच्या आधी जो वेळ मिळतो त्यात. बरंच साठलं होतं. म्हटलं, साइट जरा नीट मांडावी. सगळं आधी कचरापेटीत टाकलं. ताईंनी वर्गात सांगितलं होतं, कचरापेटीतलं परत काढता येतं."

"येतं," ताई हळू म्हणाल्या.

"एकेक वाचून, चांगलं तेवढं परत काढायचं असा बेत. तर वर एक बटण. 'रिकामी कचरापेटी.' मला वाटलं, ही पेटी भरलीय, तर ही दुसरी, रिकामी. आमच्या डेपोत तसंच असतं. भरलेला डबा बाजूला सारायचा, रिकामा ओढायचा. म्हटलं, वा, केवढा विचार केलाय लोकांनी. दाबलं."

स्वल्पविरामाला हसू आलं ते त्याने खोकल्यात घातलं.

"मग?" ती म्हणाली.

"मग झाली की रिकामी. बटण खोटं नाही बोललं."

ताईंनी आपला लॅपटॉप तिच्याकडे वळवला. त्यांनी सकाळपासून शोधून पाहिलं होतं. साइट ज्यांच्याकडे ठेवली होती त्यांच्याकडे दुसरी प्रत नव्हती. शोधयंत्रात तेवढी लेखांची नावं उरली होती आणि प्रत्येक नावाखाली दोन-दोन ओळी. 'छत्री विसरणारे: छत्री विसरलेला माणूस दुसऱ्या दिवशी येतो तेव्हा आधी छत्री मागत नाही, आधी तो…' 'मागच्या बाकावरची भांडणं: नवरा-बायको भांडत असतील तर गचका देऊ नये, कारण गचका बसला की ती दोघं एकदम…' नावावर टिचकी मारली की पान सापडत नाही असं यायचं. तेही आपल्याच भाषेत. 'क्षमस्व, तुम्ही शोधत असलेलं पान इथे नाही.' ही ओळ तिची होती, फार पूर्वीची. 'क्षमस्व' ठेवावं की 'माफ करा' यावर तिने तेव्हा किती वाद घातला होता.

"आधी तो काय करतो?" स्वल्पविरामाने विचारलं.

"कोण?"

"छत्रीवाला."

"आठवत नाही," बसवाली म्हणाली. "लिहिलं होतं म्हणून विसरले."

"आपल्याकडून मोठी चूक झाली," ताई पुन्हा म्हणाल्या.

"आपण ही ओळ आधीच पकडायला हवी होती," स्वल्पविराम म्हणाला. "आपलेच दात आणि आपलेच ओठ."

बसवालीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. "हे 'आपण' म्हणजे कोण? मीही आहे का त्यात?"

ताई गोंधळल्या. मग त्यांनी समजावलं की इथली रीतच तशी आहे. माणसाकडे बोट दाखवायचं नाही, ओळीकडे दाखवायचं. कुणी पगारी नाही, सगळे सवडीने करतात. माणसं शोधत बसलं तर उद्या कुणी येणार नाही. चुकली ओळ, सुधारली ओळ. बसवालीने ऐकून घेतलं. "आमच्याकडे धडक बसली की चालकाचं नाव लिहितात," ती म्हणाली. "बसचं नाही."

प्रत्येक ओळीला तिचा इतिहास असतो. कुणी केली, कुणी मंजूर केली, एका टिचकीवर कळतं. परक्या माणसासमोर तो उघडायचा नाही असा अलिखित संकेत होता. तिने झोपलेल्या बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि एका हाताने तो उघडला.

ओळ एका कॉलेजच्या पोराने केली होती, जो आता येत नाही. मंजूर तिने केली होती. तारीख बाळंतपणानंतरची. तिला ते आठवतही नव्हतं. इंग्रजीत नुसते दोन शब्द होते, 'एम्प्टी ट्रॅश', पुढे-मागे काही नाही. एम्प्टी म्हणजे रिकामी असलेली की रिकामी करण्याची आज्ञा, हे शब्द स्वतः सांगत नाही. ते आपण विचारायचं असतं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. ती स्वतः शिकवायची. दोन्हींत फरक एका 'करा'चा. हा 'करा' नव्हता, आणि तिला तो नसल्याचं खुपलं नव्हतं.

पोटात खड्डा पडतो म्हणतात. तिने वाट पाहिली. पडला नाही.

"माझ्याकडून," ती म्हणाली.

"काय?" बसवालीने विचारलं.

"ती ओळ मी मंजूर केली. आपल्याकडून नाही. माझ्याकडून."

"अगं, असं नसतं," ताई म्हणाल्या. बसवालीने हात वर करून त्यांना थांबवलं, सिग्नलला थांबवावं तसं.

"वाईट वाटतंय का तुम्हाला?"

प्रश्न सरळ होता, त्यात टोमणा नव्हता. तिने तो खरोखर तपासून पाहिला. "नाही," ती म्हणाली. "वाटायला हवं हे कळतंय."

स्वल्पविराम उठून किटलीकडे गेला, जिच्यात पाणी नव्हतं. बसवाली तिच्याकडे बघत राहिली, मग बाळाकडे.

"कितवा?"

"सहावा महिना लागेल."

"हं." तिने टोपी उचलून मांडीवर ठेवली. "एकदा मी अख्खी फेरी मारली आणि एकाही थांब्यावर गाडी थांबवली नाही. आतले लोक घंटा वाजवत होते, ओरडत होते. ऐकू येत नव्हतं असं नाही. सगळं ऐकू येत होतं. गाडी रस्ता सोडून इकडची तिकडे झाली नाही. नुसती थांबवावीशी वाटली नाही."

"मग?"

"मग काय, बसवलं घरी. तेव्हाच लिहायला लागले. घरी बसून करणार काय." तिने टोपी मांडीवर उलटी केली. "ते पहिलं-पहिलंही गेलं यात. ते मला हवं होतं. बाकीचं पुन्हा लिहीन. बसमध्ये भांडणं काय, रोज ताजी मिळतात. पण ते पुन्हा नाही लिहिता येणार. ती आता मी नाही."

बाळ हललं, पण उठलं नाही.

"मी आज हे सोडायला आले होते," ती म्हणाली.

"काय सोडायला?" ताईंनी विचारलं.

"मंजुरीचा हक्क. आता तर सोडायलाच हवा."

"प्रणालीची नवी आवृत्ती उंबरठ्याशी आलीय," स्वल्पविराम किटलीपाशी उभा राहून म्हणाला. "ताई एकट्या पडतील. त्यांच्या ओळी कोण मंजूर करणार? मी? मला तर तुम्ही दोघी स्वल्पविरामाशिवाय कशाला हात लावू देत नाही."

"वा," बसवाली म्हणाली. "धडक मारायची आणि गाडी रस्त्यात सोडून चालू लागायचं. लोक आतच."

ते तिला लागलं नाही, पण बरोबर आहे हे कळलं. तिने विचार केला. विचार अजून नीट करता येत होता, ती सोय शाबूत होती.

"मग सोडायच्या आधी एक करू," ती म्हणाली. "बाळ झाल्यापासून मी जे जे मंजूर केलं, ते सगळं मागे घेते."

"सगळं?" स्वल्पविराम परत येऊन बसला. "अहो, शेकड्यांनी असेल ते. आवृत्ती निघेल तेव्हा अर्धा पडदा इंग्रजीत दिसेल. लोक शिव्या घालतील. म्हणतील, यांच्याने एक भाषा सांभाळवत नाही."

"म्हणू देत."

"एका ओळीपायी? बाकीच्या ठीक असतील."

"असतील. मला सांगता येत नाही. तेच तर सांगतेय मी केव्हापासून. मला ठीक असलेली आणि चुकलेली सारखीच दिसते."

तिचा आवाज चढला नव्हता. तरी स्वल्पविराम खुर्चीत मागे सरला. इतकी वर्षं तो तिच्याशी भांडत आला होता आणि प्रत्येक वेळी ती चिडून लाल व्हायची. ही न चिडणारी बाई त्याला ओळखीची वाटेना.

ताई बराच वेळ बोटांनी टेबलावरची धूळ गोळा करत होत्या. मग म्हणाल्या, "नाकारू नकोस. धूसर कर."

"धूसर म्हणजे?" बसवालीने विचारलं.

"आमच्याकडे ओळीच्या अवस्था असतात," ताई म्हणाल्या. "मंजूर, नाकारलेली, प्रतीक्षेतली. आणि एक धूसर. धूसर म्हणजे चुकली असं नाही, बरोबर आहे असंही नाही. दुसऱ्या कुणीतरी नीट बघेपर्यंत ती लोकांच्या पडद्यावर जात नाही. यात कुणाचा अपमान नसतो. कामाची पद्धत आहे ती."

तिने फोनवर यादी उघडली आणि सुरुवात केली. धूसर. धूसर. अंगठा तसाच फिरत होता, फक्त उलटा. थोड्या वेळाने बसवाली खुर्ची ओढत जवळ आली.

"मला वाचू दे की. सुट्टीच आहे. बटणाकडे बघून माझ्यासारखीला काय वाटतं ते सांगते. तुम्हाला फार येतं, म्हणून तुम्हाला दिसत नाही."

तिने चष्मा चढवला आणि थांबे पुकारावेत तशी वाचू लागली. "'विषय बदला.' हे काय, मी बोलत असताना?"

"साइटचं रूप बदला असं आहे ते."

"मग तसं लिहा. पुढे. 'या पानाला मूल नाही.' अरेरे. डॉक्टरला दाखवलं का?"

"मूल म्हणजे त्या पानाखालचं उपपान," ताई म्हणाल्या. स्वल्पविरामाने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

"'पालक निवडा.'" बसवालीने चष्म्यावरून पाहिलं. "निवडते की. जुडी कुठाय?"

स्वल्पविराम टेबलावर डोकं ठेवून हसला, ताईंना डोळे पुसावे लागले. हे फार मजेदार आहे, हे तिला कळलं. किती मजेदार, हेही तिला अंदाजाने सांगता आलं असतं. तिने 'मूळ पान निवडा' असं लिहून ठेवलं आणि पुढच्या ओळीकडे गेली.

कचरापेटीच्या ओळीवर मात्र वाद झाला, जुन्या दिवसांसारखा. स्वल्पविराम म्हणाला, "'कचरापेटी रिकामी करा', विषय संपला." बसवाली म्हणाली, "रिकामी करतात म्हणजे आतलं कुठेतरी ओततात. मला वाटलं असतं, जिथे ओतलं तिथे जाऊन बघू." स्वल्पविराम म्हणाला, "मग 'कचरापेटीतलं सगळं कायमचं नष्ट करा'." ताई म्हणाल्या, "एवढं बटणात मावेल का? फोनवर अर्धं कापलं जाईल, नुसतं 'कचरापेटीतलं सगळं' उरेल." तिने तिघांचं ऐकलं आणि लिहिलं: 'सगळं कायमचं पुसा'.

"हे दाबलं असतं का तुम्ही?"

बसवालीने ते ओठांतल्या ओठांत वाचलं. "नाही," ती म्हणाली. "हात मागे आला असता."

तेवढ्यात बाळ उठलं आणि त्याने भुकेचा टाहो फोडला. तिचा ब्लाउज क्षणात भिजला. पान्हा फुटला असं म्हणतात याला, आणि म्हणताना लोकांचे डोळे भरून येतात. तिला ओलं लागलं, गार लागलं. ती खिडकीकडे पाठ करून बाळाला पाजायला बसली. स्वल्पविराम सभ्यपणे जिन्यात जाऊन उभा राहिला. बसवाली यादी वाचत राहिली, आता मनात.

ताईंनी खुर्ची जवळ घेतली. "आणि तुझं काय?"

"माझं काय?"

"बाळाकडे बघणारे घरात आहेत. तुझ्याकडे बघतंय का कुणी?"

तिने उत्तर शोधलं. सासूबाई तिच्या जेवणाकडे बघत होत्या, नवरा तिच्या झोपेकडे. दोन्ही नीट चाललं होतं. "मी सगळं बरोबर करते, ताई," ती म्हणाली. "वेळेवर करते. माझ्यात चूक सापडणार नाही कुणाला."

"ते विचारलं नाही मी."

बाळ घटाघटा पीत होतं. तिने त्याच्या कानामागचं दूध पुसलं. "मग मलाही धूसर करा," ती म्हणाली.

ताई हसल्या नाहीत. "तर मग दुसऱ्या कुणाला तरी दाखवावं लागेल," त्या म्हणाल्या. "आपलं आपण मंजूर करायचं नाही." त्यांनी पर्समधून कागद काढून एका डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहिला. "माझ्या धाकट्या बहिणीला नेलं होतं मी यांच्याकडे. तीही सगळं वेळेवर करायची."

नवरा आला तेव्हा स्वल्पविराम आत परतला होता आणि बाळ बसवालीच्या खांद्यावर होतं. ती त्याच्या पाठीवर थापट्या मारत खोलीभर फिरत होती, आणि ढेकर निघाली तेव्हा "हां, उतरा आता" म्हणाली. नवरा दारातच थांबला. तिने त्याला बाहेर जिन्यात नेलं.

"सोडलंस?"

"नाही."

"का गं? ठरलं होतं ना आपलं."

"वेळ नाही म्हणून नव्हते सोडत मी," ती म्हणाली. "मला काही वाटत नाही म्हणून सोडत होते. शब्दाचं काही वाटत नाही. बाळाचंही नाही. तुझंही."

जिन्यात खालून कुणीतरी वर येत होतं; तो माणूस पुढे निघून जाईपर्यंत दोघं भिंतीला टेकून उभी राहिली.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मोकळी झाले तेव्हापासून."

तो गाडीच्या किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेत राहिला. "मला वाटत होतं, तुला छान जमलंय," तो म्हणाला. "दवाखान्यात सांगायचो मी सगळ्यांना. आमच्या हिला फार छान जमलंय म्हणून."

"जमलंच आहे."

"हो. ते दिसतंच होतं." त्याने किल्ल्या खिशात टाकल्या. "तेवढंच बघत होतो मी."

तिने ताईंचा कागद त्याच्या हातात दिला. "तू कर फोन. मी केला तर मी सांगेन, सगळं ठीक आहे. मला तसंच बोलता येतं."

त्याने कागद वाचला, उलटा करून मागेही पाहिलं. मग खिशातून फोन काढला आणि तिथेच, वरून तिसऱ्या पायरीवर बसला. तो काय बोलतोय ते ऐकायला ती थांबली नाही. आत ओळी राहिल्या होत्या.

"चला, पुढचा थांबा," बसवाली म्हणाली. बाळ अजून तिच्याच खांद्यावर होतं. त्याच्या तोंडातली लाळ तिच्या खाकी जाकिटावर उतरली होती आणि तिला त्याचं काही नव्हतं. "'केलेले बदल जतन झालेले नाहीत. तरी जायचं का?'"

"काय कळलं?" तिने विचारलं.

"की थांबावं."

तिने ती ओळ पुन्हा वाचली. ही कुणी केली होती, तिला माहीत नव्हतं. खुपली नाही. पण आजवर न खुपणं आणि हे न खुपणं यात काहीतरी फरक असावा असं तिला वाटलं; वाटलं म्हणजे नुसतं कळलं की वाटलं, तेही नक्की नाही. धूसरच्या खुणेवर ठेवलेला अंगठा तिने उचलला.

"ताई," ती म्हणाली, "ही एकदा तुम्ही बघता का?"